खडपाच्या पलीकडचा वारा

"पाठ वाकवू नकोस, गुडघे वाकव," अमोघ मला चौथ्यांदा सांगत होता.

पंप मी मारत होते. तो शेजारी उभा राहून दंडांना सनस्क्रीन चोळत होता.

पंप म्हणजे सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. त्यानं बारा चौरस मीटरच्या पतंगाच्या कडेतली रबरी नळी फुगवायची, ती टिचकी मारल्यावर टणटण वाजायला लागली की थांबायचं. काइटबोर्डिंग नावाच्या खेळात हे काम कुणाचं असतं, मला माहीत नाही. आमच्या गाडीत ते माझं होतं.

"ह्या काय गो बाय? इमान?" मागून आवाज आला.

साठीची बाई होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात कंबरेवर. पलीकडे तीसेक माणसं वाळूवर दोर पसरत होती, त्यांच्यातूनच ती आली होती.

"पतंग आहे, काकी."

"एवढो? आणि उडयतलो कोण?"

मी अमोघकडे बोट दाखवलं. तो आता कंबरेला पट्टा आवळत होता. रुंद, काळा, पुढं लोखंडी आकडा असलेला पट्टा. त्या आकड्याला पतंगाची दांडी अडकवायची आणि पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून घसरत जायचं, असा तो खेळ. पतंग अजून जमिनीवर होता आणि हा केव्हाचा तयार. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते आमच्याकडं कंबरेला होतं.

"आणि तू काय करतंस?" काकींनी विचारलं.

"मी फुगवते."

"गो बाय माझे!" त्या हसल्या. मलाही हसू आलं.

"काय म्हणतायत त्या?" अमोघनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

ही अठरा वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. अमोघ केतकर वर्षभर पर्थला कंपनीच्या कामासाठी राहून परत आला होता. येताना त्यानं दहा दिवसांच्या काइटबोर्डिंग कोर्सचं सर्टिफिकेट, एक सेकंडहँड पतंग आणि भारतातल्या प्रत्येक गोष्टीबद्दलचं एक ठाम मत आणलं होतं. आमचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. हॉल बुक झाला होता, दोघांच्या आया साड्यांच्या दोन खेपा करून आल्या होत्या. मी घरी सांगितलं होतं, की कोकणात तुषारची बहीणही येणार आहे. तुषारला बहीण नाही हे माझ्या आईला चांगलं ठाऊक होतं, पण हॉल बुक झाल्यावर आयांची नजर थोडी अधू होते.

तुषार बेंद्रे म्हणजे अमोघचा कॉलेजपासूनचा होयबा. गाडी त्याच्या वडिलांची, क्वालिस. कॅमेरा त्याचा. आणि शब्द एकच, तोही त्याचाच: "सॉलिड!" अमोघ पडला तरी सॉलिड, उठला तरी सॉलिड. पुण्यातून निघून दापोलीपासून खाली देवगडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, प्रत्येक बीचवर पतंग उडवायचा, त्याची फिल्म करायची, आणि ती फिल्म बघून अख्खा भारत काइटबोर्डिंग करायला लागेल, असा बेत होता.

वाऱ्याला हा बेत कुणी सांगितला नव्हता. अमोघनं इंटरनेटवरून वाऱ्याच्या अंदाजाचे प्रिंटआउट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावले होते. पहिल्या दिवशी कर्द्याला फोल्डरमध्ये सोळा नॉट वारा होता आणि बीचवर पान हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाभोळच्या फेरीबोटीतून गाडी पलीकडे नेऊन गुहागरला गेलो. तिथं वारा आला, पण आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा. मी सोलकढी दुसऱ्यांदा घेतली म्हणून वारा गेला, असं त्याचं गणित निघालं. तिसऱ्या दिवशी राजापूरच्या बाजूला पतंग एकदाचा उडाला आणि अमोघला वाळूतून फरफटत सुरूच्या झाडांत घेऊन गेला. समोर एका शाळेची सहल डबे खात बसली होती. पोरं टाळ्या वाजवत उभी राहिली.

"अर्धा सेकंद उशिरा सोडलास तू," अमोघ अंगाला चिकटलेल्या काड्या काढत सगळ्यांसमोर मला म्हणाला. "कळत नाही तर विचारायचं ना."

नाचता येईना अंगण वाकडं. आणि ते अंगण तीन दिवस मी होते.

सोडणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. उडवणारा दांडी धरून पाण्यात उभा राहतो. त्याच्यापासून पंचवीस मीटर दोऱ्या ताणलेल्या असतात, आणि त्या टोकाला दुसरं माणूस पतंग उभा धरून थांबतं. उडवणाऱ्यानं अंगठा वर केला की हात सोडायचे. पण एक नियम आहे, आणि तो अमोघनंच मला पहिल्या दिवशी, तेव्हा तो जरा माणसासारखा बोलत होता, समजावून सांगितला होता. पतंग धरणाऱ्याला काही खटकलं, काहीही, तर त्यानं मान हलवायची. मग समोरच्यानं कितीही अंगठे दाखवले तरी सोडायचं नाही. कारणही द्यावं लागत नाही. "पर्थमध्ये लाँच करणाऱ्याचा शब्द शेवटचा," तो म्हणाला होता. "त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही."

मला तेव्हा हे फार आवडलं होतं. असा मान मला त्याच्याबरोबरच्या तीन वर्षांत आणखी कशातच नव्हता.

तर चौथा दिवस. कातळबंदर म्हणून देवगडच्या खाली एक लहान गाव आहे. एका बाजूला खाडीचं तोंड, मागं डोंगर, आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात शिरलेली काळ्या खडकांची रांग. तिथले लोक त्याला खडप म्हणतात. सकाळी आठला आम्ही पोचलो आणि गाडीचं दार उघडलं तेच वाऱ्यानं अमोघच्या फोल्डरमधले कागद उडवून नेले. किनाऱ्याला समांतर, एकसारखा, भरपूर वारा. पाणी सपाट.

"दिस इज इट!" अमोघ ओरडला.

"सॉलिड!" तुषार म्हणाला.

बीचवर रापण चालू होती. रापण म्हणजे होडीतून समुद्रात मोठं अर्धगोल जाळं टाकायचं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढत आणायची. त्यांचे म्होरके बाबल तांडेल, पन्नाशीचे, दगडी चेहऱ्याचे. त्यांनी आम्हाला एकच गोष्ट सांगितली. "जाळा पाण्यात आसा. दोराच्या हय येव नको. थंय खडपाच्या कुशीक काय ता करा."

म्हणून आम्ही त्या टोकाला गेलो, आणि म्हणून त्या काकी, द्रुपदा खवणेकर त्यांचं नाव, बाबल तांडेलांची भावजय, दोराच्या रांगेतून उठून आमचं विमान बघायला आल्या.

पंप मारून झाल्यावर मी पतंगाला दोऱ्या बांधायला घेतल्या. अमोघ पाण्याकडे गेला. काकी अजून तिथंच होत्या. पण आता त्या पतंगाकडे बघत नव्हत्या. डोंगराकडे बघत होत्या, मग खडपाकडे, मग पाण्याकडे.

"आयक गो," त्या म्हणाल्या. "तो भायर जातलो? खडपाच्या भायर?"

"जाईल की. वारा चांगला आहे ना?"

"खोटो वारो तो. हय बगलेन इल्यासारखो वाटता, डोंगराक आपटान फिरता म्हणान. खडपाच्या भायर गेल्यार मतलय. सरळ भायर व्हरतलो. आणि नऊ-साडेनवाक मरता तो. मगे माणूस थंयच. वर आज ओहोटी, खाडीचा पाणी भायर ओढता." त्यांनी माझा दंड धरला. "त्येका सांग, आता जावचा नाय. दोपारी खारो वारो सुटलो काय उडव म्हणा किती तो."

मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात आणि खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे, हे पाचवी-सहावीच्या भूगोलात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण हा वारा आतल्या बाजूला वेगळा आणि बाहेर वेगळा आहे, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि अमोघच्या फोल्डरमध्ये तर नव्हतंच.

"तुम्हीच सांगा ना त्याला," मी म्हटलं.

"माजा काय आयकता तो? तुजो घोव मां?"

"होणार आहे. मेमध्ये."

"मगे तुजा आयकतलो," काकी म्हणाल्या आणि दोराकडे परत गेल्या.

मी सांगायलाच निघाले होते. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मी पतंग वाळूचा ढीग टाकून दाबून ठेवला आणि पाण्याकडे गेले. तुषारचा कॅमेरा चालू होता. अमोघ त्यात बघून इंग्रजीत कोकणाचं वर्णन करत होता. लाइफ जॅकेट गाडीतच होतं, कारण ते घातल्यावर व्हिडिओत तो जाड दिसायचा.

"आणि ही," मला बघून तो कॅमेऱ्याला म्हणाला, "ही मुक्ता. आमची ग्राउंड स्टाफ. पगार शून्य, पण नाश्ता मिळतो. दोनदा!"

तुषार इतका हसला की कॅमेरा हलला.

"अमोघ, ऐक ना," मी म्हटलं.

"चेहरा बघ कसा केलाय. स्माइल, मुक्ता!"

"अरे, ऐक. वारा..."

"वारा?" त्यानं तुषारकडे बघितलं. "बाईसाहेबांना वाऱ्याबद्दल काहीतरी म्हणायचंय. काल सुरूच्या झाडात घातलं मला, आज लेक्चर." मग माझ्याकडे वळून, एकदम खालच्या आवाजात, जो कॅमेऱ्यासाठी नव्हता, म्हणाला, "हे बघ, तीन दिवस वाट लागलीय माझी. तुला ह्यातलं काही कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. तू फक्त धर आणि सोड. एवढं जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं.

पंचवीस मीटर चालत मी परत आले. वाळू झटकून पतंग उचलला. पतंग उभा धरला की वाऱ्यानं तो हातात थरथरतो, जनावर धरल्यासारखं वाटतं. समोर अमोघ गुडघाभर पाण्यात उभा. त्यानं दांडी नीट धरली, दोऱ्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं. त्यानं अंगठा वर केला.

मान हलवायला काही लागत नाही. कारण द्यावं लागत नाही. मला खडप दिसत होता, खडपापलीकडचं पाणी दिसत होतं. तिथं लाटांची टोकं बाहेरच्या दिशेनं पांढरी होत होती. काकींनी सांगितलं नसतं तर मला ती दिसली नसती. आता ती स्पष्ट दिसत होती.

माझ्या मनात तेव्हा एकच शब्द होता. जा.

मी हात सोडले.

सुरुवातीला तो फार सुंदर गेला. हे कबूल करायला हवं. पतंग वर चढला, अमोघ फळीवर उभा राहिला आणि सपाट पाण्यावरून रेघ मारत निघाला. दोर ओढणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली. कुणीतरी शीळ घातली. तुषार "सॉलिड, सॉलिड" करत पाण्यात शिरला. क्षणभर मला वाटलं, काकींचं काहीतरीच. आणि ते वाटून मी निराश झाले. हेही लिहून ठेवते.

मग तो खडपाच्या टोकाच्या बाहेर गेला.

परत फिरायला त्यानं पतंग वळवलेला दिसला, पण तो फिरला नाही, आणखी बाहेर गेला. परत वळवला, आणखी बाहेर. पतंग आधी दारासारखा दिसत होता, मग पाटाएवढा, मग रुमालाएवढा. नऊ वाजून गेले होते. वारा माझ्या गालावरून एकाएकी गेला. पंखा बंद केल्यावर जातो तसा. लांबवर तो लाल रुमाल हळूच खाली आला आणि पाण्यावर पडला.

"ट्रिक करतोय," तुषार म्हणाला. कॅमेरा चालूच होता.

"ट्रिक नाही, तुषार."

"उठवेल परत. वॉटर रिलाँच म्हणतात त्याला."

"कशानं उठवेल? वारा कुठंय?"

त्यानं कॅमेरा खाली केला. मी धावत सुटले. दोराच्या रांगेपर्यंत पोचायच्या आधीच काकी उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून.

"बाबल! बाबल रे! तो झिल भायर गेलो!"

रापण अर्धी आत आली होती. दीड तास ओढून ओढून जाळं आता खांद्याएवढ्या पाण्यात होतं आणि त्याच्या पोटात चांदी उसळताना दिसत होती. मासळी चांगली लागली होती. ह्या वेळी दोर ढिला सोडला की जाळ्याचा तळ उचलतो आणि सगळा मासा खालून निघून जातो. हे मला नंतर कळलं. बाबल तांडेलांना ते तेव्हाही माहीत होतं. त्यांनी जाळ्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं आणि एक शिवी दिली. ती मला अजून पाठ आहे, पण लिहिणार नाही.

"होडी काढा," ते म्हणाले.

आठ माणसं दोरावरून उठली. तरणीताठी, रांगेतली सगळ्यात जोरकस. होडी ढकलून ती वल्ही मारत निघालीही. उरल्या बायका, म्हातारे आणि आम्ही दोघं.

"बघतास काय? दोर धर!" काकी माझ्यावर ओरडल्या. "सोडू नको!"

मी दोर धरला. तुषारनंही धरला. ओल्या काथ्याचा, मनगटाएवढा दोर. समोरून समुद्र ओढत होता आणि आम्ही नुसते धरून होतो. पुढं घ्यायची ताकद नव्हती. पाच मिनिटांत तळहात सोलले. समोर जाळ्यावरून बांगडे उड्या मारून जाताना दिसत होते आणि शेजारची एक म्हातारी प्रत्येक उडीला "गेलो... गेलो..." म्हणत होती, तेवढंच.

तुषार रडत होता. "त्याच्या आईला काय सांगू मी? मुक्ता, काय सांगू?"

मला भीती वाटत होती. ती अमोघच्या जिवाची होती, पण सगळी त्याच्या जिवाची नव्हती. मला सारखं दिसत होतं, की तो मेला तर मला आधी सांगितलं गेलं होतं हे फक्त दोघांना माहीत राहील. मला आणि दोराच्या पुढच्या टोकाला पाय रोवून उभ्या असलेल्या ह्या बाईला. आणि तो वाचला, तर तिघांना.

तास झाला असेल. होडी आधी ठिपका दिसली, मग वल्ही दिसली. बसलेली डोकी मी मोजली. आठ. मग पुन्हा मोजली, तरी आठ. माझ्या हातातून दोर सुटला. काकींनी एक लाथ घातली असती तर बरं झालं असतं, पण त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या वाटणीचा दोर आपल्या खांद्यावर घेतला.

होडी वाळूला लागली. नववा तळाशी आडवा होता, ओल्या दोरांवर, कुणाचा तरी शर्ट अंगावर घेतलेला. ओठ पांढरे. मांडीवर पतंगाच्या दोरीनं कापलेला लांब लाल चरा. पतंग त्यांनी कापून सोडून दिला होता. अमोघ जिवंत होता. फळीला मिठी मारून तो तरंगत राहिला होता आणि होडी आली तेव्हा फळी सोडायला तयार नव्हता, फळीसकट उचलावा लागला.

मी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले. त्यानं माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं की नाही कोण जाणे.

आठही जण पुन्हा दोराला लागले आणि जाळं बाहेर आलं. त्यात चार-पाच टोपल्यांची मासळी असायला हवी होती. एकही टोपली भरली नाही. बाबल तांडेलांनी ते बघितलं आणि आमच्यापाशी आले. त्यांच्यामागून सगळेच आले. तीस माणसं आमच्याभोवती उभी राहिली.

"ह्येका कोणी सांगूक नाय?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता. "इतकी माणसा हय आसत. एकान पण सांगूक नाय?"

"सांगलंय तर!" काकी पुढं आल्या. "मिया सांगलंय. ह्या चेडवाक सगळा सांगलंय, खडपाच्या भायर मतलय म्हणान." त्या माझ्याकडे वळल्या. "गो बाय, तू सांगलंस मां त्येका?"

त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. असता तर मी खरं बोलले असते, असं मला पुढं कित्येक वर्षं वाटायचं. त्या नुसत्या माझ्या हो म्हणण्याची वाट बघत होत्या.

"सांगितलं," मी म्हटलं. "त्यानं ऐकलं नाही."

मी वाळूकडे बघत होते. आता अमोघ डोकं उचलेल आणि म्हणेल, काय बोलतेस मुक्ता, तू कधी सांगितलंस? तो म्हणणारच. स्वतःची चूक मान्य करणं हे त्याच्या कुंडलीतच नव्हतं. सोलकढीच्या वाटीला वाऱ्यासाठी जबाबदार धरणारा माणूस हा.

अमोघनं डोकं उचललं. त्याला दोनदा उलटीचा उमासा आला, खारं पाणी पडलं.

"हो," तो म्हणाला. "म्हणाली होती ती. वाऱ्याबद्दल सांगत होती." आणि मग माझा हात धरून, सगळ्या गावासमोर, तो हुंदके देऊन रडायला लागला. "मी ऐकलं नाही. मी कधीच ऐकत नाही हिचं."

"मगे मर!" बाबल तांडेल म्हणाले आणि निघून गेले.

काकींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला मासळीचा वास होता. "चेडू शाणा आसा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "घोवाक अक्कल नाय, तेका ही काय करतली?"

नंतर वाटप झालं. तिथली रीत अशी, की दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा, मग तो गावातला असो की वाटसरू. जेमतेम होती ती मासळी तीस-बत्तीस जणांत वाटली. बाबल तांडेलांनी माझ्या ओढणीत तीन बांगडे टाकले.

"नको, काका," मी म्हटलं. "मी तर सोडला दोर."

"दोराक हात लायलंस. वाटो नाय म्हणूचो नसता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

परतीच्या वाटेवर तुषार गाडी चालवत होता आणि एकदाही सॉलिड म्हणाला नाही. अमोघ मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. फोंडाघाटात त्यानं डोळे उघडले.

"मुक्ता, आता तू सांगशील तसं," तो म्हणाला.

मेमध्ये आमचं लग्न झालं. हॉल बुक होता.

लोकांना वाटतं, असल्या गोष्टी बोलण्यापुरत्या असतात, चार महिन्यांत माणूस पहिल्यासारखा होतो. अमोघ झाला नाही. त्यानं माझं ऐकायला सुरुवात केली आणि मग थांबलाच नाही. घर कुठल्या मजल्यावर घ्यायचं, मी सांगायचं. मस्कतची नोकरी घ्यावी का, मी सांगायचं. मी त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून नको म्हटलं, आणि त्यानं खरंच नाही घेतली. कोणता शर्ट, कोणता डॉक्टर, सासूबाईंना फोन आज करू का उद्या. ज्याला माझं एक वाक्य पुरं ऐकायला सवड नव्हती, तो माझ्या तोंडाकडे बघत बसायला लागला. पहिला अमोघ मला सहन होत नव्हता. हा दुसरा तर मला बघवत नाही. एका बाईच्या शब्दाखाली असा आडवा पडलेला माणूस, आणि तो शब्द तरी कुठं होता?

गोष्ट तो चारचौघांत नेहमी सांगतो. दर वेळी ती थोडी वाढते. पहिल्या वर्षी मी नुसती "वाऱ्याचं काहीतरी" म्हणाले होते. पाचव्या वर्षी मी त्याचा दंड धरला होता. अलीकडे तर मी पाण्यात शिरून त्याच्यासमोर उभी राहते. पाहुण्यांच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघतात. मी उठून कपबशा उचलते.

गेल्या महिन्यात आमच्या मुलीनं, ईशानं, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगच्या कोर्सला जायचं काढलं. सोळा वर्षांची आहे, बापासारखीच उतावळी. सकाळी चहाच्या वेळी तिनं बाबाला विचारलं.

"आईला विचार," अमोघ म्हणाला. "मी आयुष्यात एकदाच तिचं ऐकलं नाही, आणि..."

"माहितीये, माहितीये. काळे खडक, लाल पतंग," ती म्हणाली आणि क्लासला निघून गेली.

दार लागलं. आणि माझ्या तोंडून गेलं, ठरवून नाही, "मी तुला सांगितलं नव्हतं, अमोघ."

"काय?"

"कातळबंदरला. काकींनी मला सगळं सांगितलं होतं. मी तुला सांगायला आले, तू कॅमेऱ्यासमोर माझी चेष्टा केलीस. मग मी नाही सांगितलं. मला माहीत होतं तू कुठं चाललायस. आणि मी सोडलं."

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर तो जुना अमोघ उमटेल म्हणून वाट बघितली. त्यानं टेबल उलथं केलं असतं तरी मला चाललं असतं. मला ते हवं होतं.

तो हसला.

"काहीतरीच काय बोलतेस," तो म्हणाला. "मला शब्द न् शब्द आठवतोय. तासभर पाण्यात होतो ना, तेवढंच तर ऐकत होतो मी. 'अमोघ, हा वारा खरा नाही. खडपापलीकडे जाऊ नकोस. तुला काही झालं तर मी काय करू?' असं म्हणालीस तू. 'मी काय करू' म्हणताना तुझा आवाज कापत होता."

"नाही रे. मी असं काही म्हणाले नव्हते. ऐक माझं."

"म्हणालीस." त्याचे डोळे भरून आले होते, ह्या वाक्यापाशी नेहमी येतात तसेच. "त्याच्यावर तर मी तरंगलो, मुक्ता."

मग त्यानं डोळे पुसले, उठून दोघांचे कप सिंकमध्ये ठेवले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बरं, आता सांग," तो म्हणाला. "ईशाला पाठवायचं समुद्रात? तू म्हणशील तसं."

तो वाट बघत उभा राहिला.